ओळ दोनशे चौदावरचा प्रश्न

"रागावली आहेस का?" हा प्रश्न तिच्या कोडच्या दोनशे चौदाव्या ओळीखाली येऊन बसला तेव्हा तिच्या तोंडात कॉफीचा पहिला घोट होता. प्रश्न तिने नंतर वाचला. आधी कळलं ते एवढंच, की खोलीतले सगळे कीबोर्ड एकदम गप्प झालेत. मागे तिसऱ्या टेबलाशी खुर्ची करकरली आणि कुणीतरी घशातल्या घशात "अरे देवा" म्हणालं. तो आवाज तिच्या नवऱ्याचा होता. लग्नात अंगठी तिच्या बोटात जाईना तेव्हाही तो अगदी ह्याच पट्टीत "अरे देवा" म्हणाला होता, आणि पुढे काय करायचं हे त्याला तेव्हाही सुचलं नव्हतं. तिने घोट गिळला. जीभ भाजली. स्क्रीनवर डावीकडे तिचा कोड होता, उजवीकडे त्यावरचे शेरे, आणि "ह्या फंक्शनचे दोन भाग करावेत" आणि "इथे एक जागा जास्त सुटली आहे" ह्या दोन शेऱ्यांच्या मधोमध हा प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट, टीममधल्या प्रत्येकाला दिसेल असा. त्याला तो तिच्या खासगी चॅटमध्ये टाकायचा होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या, हात एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे. कोड लिहिताना असली चूक त्याने जन्मात केली नसती. असली चूक त्याच्या हातून फक्त बायकोशी बोलतानाच होऊ शकते, असं तिच्या मनात आलं आणि ह्या विचाराने तिला बरं वाटावं की वाईट, हे काही तिला ठरवता येईना.

"ओळ दोनशे चौदावर रागावण्यासारखं काय आहे?" पलीकडच्या टेबलावरून खवचट म्हणाला. त्याला सगळेच खवचट म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देत असे. "मी दोनदा वाचली. साधी ओळ आहे बिचारी. एक आकडा आहे फक्त."

"पुसतो, पुसतो," म्हणत नवरा तिच्या टेबलापर्यंत आला. त्याचे कान लाल झाले होते. त्याचं सगळं कानांवर दिसायचं. चेहरा कोऱ्या कागदासारखा राहायचा आणि कान सगळं सांगून टाकायचे.

"पुसता येत नाही," हेडबाई आपल्या जागेवरून म्हणाल्या. वर न बघता. "इथे काही पुसलं जात नाही."

"मग बंद करतो प्रश्न."

"उत्तर आलं?"

"अहो बाई, तो प्रश्न तसा नाहीये. तो आपला... घरचा आहे."

"कोडवर विचारलाय ना? मग कोडचा आहे. उत्तर आल्याशिवाय बंद करायचा नाही. नियम कोणी मांडला होता?"

नवऱ्याचे कान आणखी लाल झाले. नियम त्यानेच मांडला होता.

ह्या ऑफिसात लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिले जात. दहाबारा माणसं आपापल्या टेबलावर आपापली प्रत घेऊन काम करत आणि काम झालं की ते एका सामाईक मुख्य प्रतीत जाई. तिला सगळे नुसतं 'मेन' म्हणत, घरातल्या मोठ्या माणसाचं नाव न घेता बोलावं तसं. ठरल्या संध्याकाळी मेनमध्ये जे असेल ते खरोखरच्या इमारतींमधल्या खरोखरच्या लिफ्टमध्ये भरलं जाई. म्हणजे इथे कुणी आळस केला की तिकडे कुणीतरी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये उभं राहून भिंत बघणार. म्हणून हेडबाईंनी नियम लिहिले होते आणि पिण्याच्या पाण्याच्या मशीनजवळ चिकटवले होते, कारण तिथे प्रत्येकाला दिवसातून चारदा उभं राहावंच लागे. हेडबाई शाळेत कधीच नव्हत्या. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि 'हं, पुढे?' म्हणायची पद्धत, एवढ्यावर त्यांना ते नाव पडलं होतं. नियम असे होते: फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, एका श्वासात वाचून व्हावं. हेडबाई खरंच मोठ्याने वाचायला लावत आणि कुणी मध्येच श्वास घेतला की बोट वर करत. नाव असं द्यावं की उद्या नोकरीला लागणाऱ्या माणसालाही कळावं. जन्मदाखला, म्हणजे कुठून आला त्याची नोंद, नसलेला आकडा मेनमध्ये येणार नाही. दोघांनी वाचल्याशिवाय काहीही मेनमध्ये येणार नाही. आणि शेवटचा, नवऱ्याने भर घातलेला: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच जागी, कारणासकट द्यावं, 'बघते', 'ठीक आहे', 'काही नाही' ही उत्तरं नव्हेत, प्रश्न विचारणाऱ्यानेच बंद करावा, आणि उत्तर पटल्यावरच. त्याआधी कुणीतरी "तळघरात पाणी शिरलं तर?" असा प्रश्न टाकून घाईत स्वतःच बंद केला होता. मग एका तळघरात नळ फुटला आणि एक लिफ्ट अर्धा दिवस नुसती दार उघडत आणि मिटत राहिली, आत चार माणसं आणि एक वॉशिंग मशीन.

"संध्याकाळी सहाला मेन बंद होणार," हेडबाई म्हणाल्या. हे त्या सगळ्यांना म्हणाल्या, पण बघितलं तिच्याकडे.

सहाला बंद म्हणजे सहाला बंद. पुन्हा उघडणार तीन महिन्यांनी, आणि तिची ह्या टीममधली चाचणीची मुदत ह्या आठवड्यात संपत होती. त्याआधी ती खालच्या मजल्यावर माहितीपुस्तिका लिहायची: 'दार बंद होत असताना मध्ये हात घालू नये.' भौतिकशास्त्रात पदवी घेऊन, प्रयोगशाळेत रात्रंदिवस लंबक आणि लोलक मोजून तिने दोन वर्षं ते वाक्य वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं होतं. वर यायला मिळालं ते एका सूचनेवरून. लिफ्टच्या बाहेर आणखी एक बटण असावं, 'सावकाश'. ते दाबलं तर दार जास्त वेळ उघडं राहावं. सूचना हेडबाईंना आवडली, म्हणाल्या, लिही मग. तिने लिहिलं. आज ते मेनमध्ये गेलं नाही तर ती पुन्हा खाली जाणार, बटण कुणाच्या तरी कपाटात पडणार, आणि तिची आई जिना चढत राहणार. "आधी बाकीच्या शेऱ्यांची उत्तरं देते," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. नवऱ्याने तिच्या टेबलावरचा पेन सरळ ठेवला आणि तो परत गेला.

आईचं असं झालं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी आली. तिच्या इमारतीतली लिफ्ट जुनी, दार उतावळं. एक दिवस आईने आधी काठी आत टेकवली आणि पाय उचलणार, तेवढ्यात दार मिटायला लागलं. ती घाबरून मागे झाली, काठी हातातून सुटली, दार मिटलं आणि काठी एकटीच पाचव्या मजल्यावर गेली. तिथल्या माणसाने लिफ्ट उघडली तर आत कोणी नाही, नुसती काठी कोपऱ्यात टेकून उभी. त्याने सभ्यपणे वाट पाहिली म्हणे. ही गोष्ट आई फार रंगवून सांगायची, ऐकणारे पोट धरून हसायचे, आणि त्या दिवसापासून आई लिफ्टमध्ये बसली नव्हती. तीन मजले जिन्याने, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मग हळूहळू खाली उतरणंच कमी झालं. बाग सुटली, मैत्रिणी सुटल्या. विचारलं तर म्हणायची, "काठीला फिरायची हौस आहे, मला नाही." म्हणून एका सुट्टीच्या दिवशी ती स्वतः घड्याळ घेऊन आईकडे गेली. आईला लिफ्टसमोर उभं केलं, दाराला स्वतःची बॅग अडकवली आणि आईला आत जायला लावलं. बाहेर काढलं, पुन्हा जायला लावलं. "मी काय प्रयोगातला उंदीर आहे का?" आई म्हणाली, पण गेली. आकडा आला आठ. आठ सेकंद. तोच दोनशे चौदाव्या ओळीत बसला, आणि कोडमध्ये त्याला तिने नाव दिलं होतं 'आईचा वेळ'.

त्यावर नवऱ्याचा पहिला शेरा होता: "नाव वैयक्तिक वाटते. कृपया बदलावे." दुसरा: "हा आकडा आपण कुठून घेतलात?" आपण! कृपया! तीन वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी कृपया म्हटलं नव्हतं. चादर ओढून घेताना नाही, तिच्या ताटातलं उचलताना नाही. ऑफिसात तो सगळ्यांनाच असं लिहायचा, खवचटलासुद्धा. पण खवचट त्याच्या शेजारी झोपत नव्हता. काल दिवसभर ती ते शेरे वाचत बसली होती आणि तिला काहीतरी विचित्र वाटत होतं, ज्याला पटकन नाव देता येत नव्हतं. घरी ती काही सांगायला लागली की तो "हं" म्हणायचा. हं मध्ये प्रकार होते. फोन बघतानाचा हं, तोंडात ब्रश असतानाचा हं, आणि ऐकलेलं नसून ऐकल्याचं दाखवायचा, जरा लांबवलेला हं. बैठकीच्या खोलीतले पडदे तिने हिरव्याचे निळे केले, ते त्याच्या लक्षात यायला एक ऋतू गेला, तेही पाहुण्यांनी कौतुक केलं म्हणून. आणि हाच माणूस तिच्या कोडमध्ये एकशेसाठाव्या ओळीत एक मोकळी जागा जास्त सुटलीय हे बघत होता. एक जागा! जिथे काहीच नाही तेही त्याने पाहिलं होतं. इतकं मन लावून तिला आजवर कुणीच वाचलं नव्हतं. राग यायला हवा होता आणि आतून कुठेतरी, अगदी लाजिरवाणं म्हणजे, गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं. म्हणूनच काल जेवताना तिने जरा लाडात विचारलं होतं, "मग, उद्या पास करणार ना रे?"

"आकड्याचं काय?" तो म्हणाला.

"सांगितलं ना, आईला मोजलं."

"तेच म्हणतोय. एकटीला मोजलंस. आईसाठी कोड लिहिलास तू. लोकांसाठी लिही."

त्याने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो शांतपणे, तोंडातला घास चावत, पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवत म्हणाला. तिने पेला घेतला नाही. भांडी तिने अशी घासली, की खालच्या मजल्यावर कळलं असेल. मग भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या तिला कॉलेजातले प्रयोगशाळेचे सर आठवत राहिले. बुटके, खडूने माखलेल्या बाह्या. कुणी एकदाच मोजून वहीत आकडा लिहिला की ते वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायचे आणि विचारायचे, "ही मोजणी आहे की अफवा?" वर्ग ओरडायचा, "अफवा!" तीही ओरडायची. सगळ्यांत जोरात ओरडायची. आता तेच बुटके सर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून दोनशे चौदावी ओळ वर धरून दाखवत होते, आणि पलीकडच्या उशीवर जणू त्यांचा आवडता विद्यार्थी घोरत होता.

तेव्हा प्रश्न साधा नव्हता. 'नाही' लिहावं तर ते खोटं, आणि मेनमध्ये खोटं लिहायला तिचा हात उठेना. 'हो' लिहावं तर कारण द्यायला हवं. आणि कारण लिहायचं म्हणजे सगळ्या टीमसमोर, कधीही न पुसल्या जाणाऱ्या जागी लिहायचं, की नवऱ्याचं बरोबर आहे म्हणून मला राग आलाय. ह्यापेक्षा खालच्या मजल्यावर जाऊन 'मध्ये हात घालू नये' लिहिणं काय वाईट?

दुपारी सगळे डबे उघडत असताना ती गुपचूप बाहेर पडली. मागच्या रस्त्यावर हाडांचा दवाखाना होता, चार मजली. तळमजल्यावर लिफ्टसमोर एक बाक. ती बाकावर बसली, फोनमधलं घड्याळ काढलं आणि बघायला लागली. बघण्याचा तिचा जुना आनंद इतक्या वर्षांनी परत आला. बोटं गार पडली, कान तीक्ष्ण झाले. प्लास्टरवाले, वॉकरवाले, मुलाच्या दंडाला धरून येणारे. तिला वाटलं होतं वेळ चालण्यात जातो. तो चालण्यात जात नव्हता. माणसं दारापर्यंत बरी येत आणि तिथे थांबत, खाली बघत. लिफ्ट आणि फरशी यांच्यामधल्या त्या बोटभर फटीकडे. काठीने ती चाचपत, जणू खाली दरी आहे. मग श्वास घेत, आणि मग पाय. एक आजोबा पाय आत टाकून पुन्हा बाहेर आले, बायको मागे राहिली म्हणून. हे असं तिच्या आकड्यात कुठेच नव्हतं. आई फटीपाशी थांबली नव्हती.

"कोणाबरोबर आलात?" वॉचमन समोर येऊन उभा राहिला.

"कोणाबरोबर नाही."

"मग कोणाला बघताय?"

"सगळ्यांना."

वॉचमनने एक स्टूल आणलं, तिच्यासमोर मांडलं आणि तो तिला बघत बसला. त्याचाही दोष नव्हता. तेवढ्यात पांढऱ्या केसांची एक बाई काठी टेकत लिफ्टमधून परत बाहेर आली आणि थेट तिच्यापाशीच आली. "पोरी, मघाशी मी गेले तेव्हा काय मोजलंस?"

"आत जायला किती वेळ लागतो ते, मावशी. रागावू नका."

"रागवत नाही. ते खोड. मी पुन्हा जाते. मघाशी मी घाई केली."

"का?"

"का म्हणजे? तू बघत होतीस! बघणारं माणूस असलं की पाय आपोआप उचलतात गं. आता तिकडे तोंड कर."

तिने वॉचमनकडे तोंड केलं. वॉचमन हसला. मावशी सावकाश, फटीशी थांबून, मनासारखा वेळ घेऊन आत गेल्या आणि वर गेल्या. तिने लगेच आईला फोन लावला.

"आई, त्या दिवशी मी मोजत होते तेव्हा तू घाई केलीस का?"

"मग! घड्याळ घेऊन समोर उभी. मला वाटलं नापास करशील."

"आई! अगं, सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस का? तुझ्या बापाने तरी कधी विचारलं? जावयाला विचार हवं तर, तो बरा आहे, तो येतो तेव्हा मागे राहून चालतो. आणि हे बघ, जेवलीस का?"

जेवली नव्हती. ऑफिसकडे परत जाताना तिच्या डोक्यात सगळं घरंगळत होतं. आकडा चुकला होता, आणि चुकला तो उलट्या बाजूने. आठही पुरे नव्हते, अकरा तरी हवे होते. म्हणजे त्याचं बरोबर होतं आणि जास्त वेळ हवा हे तिचं त्याहून बरोबर होतं. आणि तो जागचा न हलता, घास चावत बरोबर होता, तर तिला बरोबर होण्यासाठी भर दुपारी वॉचमनच्या संशयाखाली बसावं लागलं. राग गेला नव्हता. पण काल तो छातीत एखाद्या गोळ्यासारखा होता, आता त्याला कडा आल्या होत्या. कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे दिसत होतं. 'जावई मागे राहून चालतो' हे मध्येच कुठून आलं? तिने हे कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी पुढे जाऊन वर दाराचं कुलूप उघडत असे.

दुपारभर तिने कोड दुरुस्त केला. फंक्शनचे दोन भाग केले, जास्तीची जागा मिटवली, 'आईचा वेळ'चं 'सावकाश वेळ' केलं, आठाचे अकरा केले आणि शेजारी जन्मदाखला लिहिला: कुठे मोजलं, कोणाकोणाला मोजलं, बघणारा दिसत असेल तर माणसं घाई करतात ही सूचना. एकेक शेरा बंद होत गेला. नवरा प्रत्येक उत्तर वाचून बंद करत होता. मागून त्याच्या माउसचा आवाज येत होता, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. जन्मदाखल्यावर तो फार वेळ थांबला. तिला मान वळवून बघावंसं वाटलं, तिने बघितलं नाही. टक्. हेडबाईंनी दोन्ही भाग मोठ्याने वाचायला लावले. ती वाचून गेली, श्वास न घेता. हेडबाई म्हणाल्या, "हं. पुढे?" पुढे एकच उरला होता. सहाला वीस मिनिटं होती आणि कोणी घरी जायला उठत नव्हतं. खवचटने तर खुर्ची वळवून घेतली होती.

"'थोडीशी' लिही आणि मोकळी हो," तो म्हणाला.

"थोडीशी म्हणजे किती?" हेडबाई म्हणाल्या. "मोघम उत्तर चालणार नाही."

तिने लिहायला घेतलं. शेवटी हेही मोजलेलंच लिहायचं होतं. तिने लिहिलं: "हो. काल रात्रीपासून. कारण: ह्या ओळीतला आकडा एकाच व्यक्तीवरून घेतला होता, हे आपलं म्हणणं बरोबर होतं, आणि ते जेवताना सांगण्यात आलं. आकडा बदलला आहे. 'आईसाठी लिहू नये' हे म्हणणं मात्र चूक आहे. आईसाठी लिहायला घेतलं नसतं तर ही ओळच नसती. लोक त्यानंतर आले. राग पूर्ण गेलेला नाही, पण विचारल्यामुळे कमी झाला आहे. यापुढे कृपया घरी विचारावे."

सगळे आपापल्या स्क्रीनवर वाचायला लागले. खवचटचे ओठ हलत होते. हेडबाईंनी चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, पुन्हा लावला. "एका श्वासात होत नाही," त्या म्हणाल्या, "पण कारण आहे." मग सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तीही, दिवसभरात पहिल्यांदा, वळून बघायला लागली. तो वाचत होता. वरपासून खालपर्यंत, आणि पुन्हा वरपासून, जसा तो तिचा कोड वाचायचा, ओळीमागून ओळ, मध्ये सुटलेल्या जागांसकट. त्याच्या तोंडून कुठलाच हं निघाला नाही. त्याचे कान हळूहळू लाल होत होते, आणि हे तिने आजवर त्याला वाचताना कधीच समोरून बघितलं नव्हतं. मग त्याने हात कीबोर्डवर ठेवले आणि तो टाइप करायला लागला.

"अरे काय करतोयस?" खवचट ओरडला.

"एक शंका आहे. 'कमी झाला आहे' म्हणजे नेमका..."

"नवा प्रश्न टाकू नकोस!" हेडबाई, खवचट, खिडकीजवळचे दोघे, सगळे एका सुरात ओरडले. "बंद कर! आधी बंद कर!"

त्याने दचकून हात उचलले. माउस घेतला. टक्. ओळ दोनशे चौदा हिरवी झाली, आणि सहाच्या आत, घाम पुसता पुसता, 'सावकाश' मेनमध्ये गेलं. खवचटने टाळ्या वाजवल्या. हेडबाई म्हणाल्या, "सोमवारपासून तुझं टेबल हेच." एवढंच म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

ती आणि तो लिफ्टशी आले. ऑफिसची लिफ्ट जुन्याच प्रोग्रॅमवर होती, तिला सावकाश ठाऊक नव्हतं. दोघं आत गेले. तिला पोटात भूक आणि पायांत थकवा एकदम जाणवला. दार मिटायला लागलं तसा त्याने उघडायच्या बटणावर अंगठा ठेवला. दार परत उघडलं.

"आता कशाला?"

"थांब," तो म्हणाला. अंगठा तसाच.

कॉरिडॉरच्या टोकाला हेडबाई येत होत्या. एका खांद्यावर बॅग, दुसरा हात भिंतीला. इतके दिवस ती त्यांना खुर्चीत बसलेलंच बघत आली होती. चालताना बघितलं नव्हतं. त्या हळू येत होत्या, डावा पाय जरा ओढत, आणि घरी जाणाऱ्या माणसाच्या निवांतपणाने. दारापाशी येऊन थांबल्या. खाली फटीकडे बघितलं. चष्मा सारखा केला. मग पाय आत टाकला. तिने मोजायचं असं ठरवलं नव्हतं, पण आत कुठेतरी आकडे आपले आपण पडत गेले, आठ, नऊ, दहा, अकरा, आणि अकरावर थांबले नाहीत.

दार मिटलं. लिफ्ट खाली निघाली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आकडा चुकला."

"माहीत आहे," तो कुजबुजला. "मीही मोजत होतो."

तिने त्याच्या कानाकडे बघितलं. मग तिला हसू आलं, ते दाबायला गेली तर नाकातून आलं, आणि त्यालाही आलं. दोघं दोन भिंतींना टेकून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरांसारखी खांदे हलवत राहिली.

"काय झालं हसायला?" हेडबाईंनी विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाली.

हेडबाईंनी दोरीचा चष्मा नाकावर चढवला, आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि लिफ्ट तळमजल्याला टेकली तरी त्या उत्तराची वाट बघत दारातून हलल्या नाहीत.